निळ्या स्वेटरचा नियम

"तुम्ही गेलात तर उत्तरं कोण देणार?" साहेबांनी विचारले आणि टकटकरावांचा रजेचा अर्ज पेपरवेटखाली सरकवला. त्या पेपरवेटखाली गेलेला कागद वाऱ्याने उडत नसे आणि पुढेही जात नसे.

प्रश्न तसा रास्त होता. मिक्सर बनवणाऱ्या त्या कंपनीच्या तक्रार विभागात उत्तरे देणारा माणूस एकच, तो म्हणजे टकटकराव. उत्तरही एकच. कुणाचा मिक्सर फिरत नसे, कुणाचा फिरायचा थांबत नसे, कुणाचे झाकण उडून छताला चिकटलेले असे. टकटकराव प्रत्येकाला कळवत, 'आपली तक्रार मिळाली. योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे. कळावे.' एवढ्या वर्षांत या उत्तरातला एक काना इकडचा तिकडे झाला नव्हता. तरी हे काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही, असे साहेबांचे मत होते, आणि खरे सांगायचे तर टकटकरावांचेही होते.

टकटकराव हे नाव त्यांना ऑफिसने बहाल केलेले. पूर्वी लोक तक्रारी फोनवर सांगत आणि टकटकराव रिसीव्हर खांद्याने कानाशी दाबून, समोरचा बोलेल ते शब्दन् शब्द टाइप करत. त्यातून बोटांना एक खोड लागली. फोन कानाला लागला की बोटे आपोआप चालू. समोर टाइप करायला काही नसले, तर टेबलावर, गुडघ्यावर, जेवायच्या ताटाच्या काठावर टकटक. कानातून आलेले थेट बोटांत उतरायचे. वाटेत डोक्यात क्षणभर थांबावे, अशी काही सोय नव्हती.

या रजेमागे मोठा इतिहास होता. लग्न झाल्याझाल्या दोघे डोंगरावरच्या एका गावी जाणार होते. थंडी फार असते म्हणून नव्या नवरीने माप न घेता, नुसत्या अंदाजाने, नवऱ्यासाठी निळा स्वेटर विणला होता. तेव्हा रजा मिळाली नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. स्वेटर कपाटात पडून राहिला आणि त्याच्या घडीत डांबराच्या गोळ्या तेवढ्या बदलत गेल्या. दर वर्षी बायको कडाकडा भांडायची. या वर्षी मात्र ती शांतपणे म्हणाली, "या वेळी जमलं तर जाऊ. नाही जमलं तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही." टकटकरावांना धडकीच भरली. भांडणारी बायको त्यांच्या सवयीची होती. विषय सोडून देणारी बायको काय करील, याचा काही नेम नव्हता.

म्हणून ते हिशेबनीस बाईंपुढे जाऊन रडगाणे गायले. बाई हुशार. ऑफिसातले कुठलेही नवे यंत्र आधी त्यांच्या ताब्यात यायचे आणि मग इतरांना भ्यायला मिळायचे.

"एवढंच ना?" बाई म्हणाल्या. "तुमच्या संगणकात रेकॉर्डर आहे की. लाल बटण दाबा, एका तक्रारीला नेहमीसारखं उत्तर द्या, परत लाल बटण दाबा. तुम्ही जे जे कराल ते यंत्र टिपून घेतं. मग त्याला सांगायचं, हेच सगळ्यांना कर. बसा डोंगरावर जाऊन."

"आणि माझं काही चुकलं तर?"

"तर चूकही टिपून घेईल. पण घाबरू नका. टिपलेल्याची स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने लिहिलेली यादी, तयार होते. ती उघडून नको ते काढून टाकता येतं."

साहेबांनी बराच विचार केला. यंत्र रजा मागत नाही, हा मुद्दा त्यांना पटला. "मला आधी करून दाखवा," ते म्हणाले. "समाधान झालं तर उद्यापासून जा."

टकटकरावांनी देवाचे नाव घेतले आणि लाल बटण दाबले. पहिली तक्रार उघडली. उत्तराची चौकट उघडली. आता पहिला शब्द लिहिणार, तोच फोन वाजला. घरून.

"हे बघा," बायको म्हणाली, "आता मला एकही कारण नकोय. इतकी वर्षं ऐकून घेतलं, आता बास. उद्या सकाळी सगळं सामान घेऊन दारात उभे राहा, मी काही पुन्हा पुन्हा सांगणार नाही. आणि निघताना तो निळा स्वेटर आठवणीनं घ्या. स्वेटर नसेल तर मग माझ्याकडे तक्रार घेऊन येऊ नका."

"हं," टकटकराव म्हणाले. त्यांचे सगळे लक्ष साहेबांच्या दाराकडे होते. "हं. हं. बरं."

फोन ठेवून पाहतात तो चौकट मजकुराने भरलेली! फोन खांद्यावर गेल्याबरोबर बोटांनी आपला जुना धंदा सुरू केला होता. टकटकरावांनी जीभ चावली. काय लिहिले गेले आहे ते वाचत बसायला वेळ नव्हता. त्यांनी सगळे एका झटक्यात पुसले, नेहमीचे उत्तर लिहिले, पाठवले आणि लाल बटण दाबून घाम टिपला.

साहेब आले. हिशेबनीस बाईंनी यंत्र चालू केले. तक्रार उघडली, चौकटीत भराभर काहीतरी उमटले, लगेच नाहीसे झाले, मग नेहमीचे उत्तर आले आणि निघूनही गेले. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच कारभार आटोपला.

"थांबा," साहेब म्हणाले. "मधे काय पुसलं त्यानं?"

"काही नाही साहेब, जरा…"

"जरा काय जरा? आपल्या ऑफिसात लिहिलेलं पुसत नाहीत. चुकलं तर आडवी रेघ मारून बाजूला सही करायची. ही शिस्त मी इथे लावली. यंत्राला ठाऊक नसेल तर तुम्ही सांगा."

"यंत्राला सही येत नाही, साहेब."

"मग पुसणं तरी काढा. घरी जायच्या आत ते पुसणं गेलं पाहिजे. तरच रजा."

एवढे बोलून साहेब आपल्या खोलीत गेले. हिशेबनीस बाईही पिशवी उचलून बँकेत गेल्या, त्या तिकडूनच घरी जाणार होत्या. टकटकराव आणि स्क्रिप्ट, दोघेच समोरासमोर उरले.

त्यांनी ती उघडली. ओळीच ओळी, सगळ्या इंग्रजीत. 'डिलीट' हा शब्द मात्र त्यांना लांबूनही ओळखता आला असता. तो दिसताच त्यांनी ती ओळ मुळासकट उडवली. साहेबांची शिस्त शाबूत राहिली. पण आता नवाच पेच आला. पुसणे गेले म्हणजे आधीचा मजकूर आणि नंतरचा मजकूर, दोन्ही जाणार. त्यातला एक काढायला हवा. पण कोणता? यंत्राने सगळ्या मराठीचे आकडे करून ठेवले होते. आकड्यांचा एक ढीग मोठा आणि एक लहान, एवढाच काय तो फरक.

टकटकरावांनी हनुवटी खाजवली. एकीकडे आपले अधिकृत उत्तर, जे लिहिता लिहिता बोटे झिजली. दुसरीकडे फोनवर बायको काहीतरी बोलली ते. काय बरे बोलली? आठवेना. पण आपण नुसते 'हं, हं' केले एवढे आठवत होते, त्या अर्थी ती दोन शब्दच बोलली असणार. शिवाय नम्र उत्तर नेहमी लांबच असते, हा तक्रार विभागातला अनुभव. झाले! त्यांनी लहान ढीग उडवला, मोठा ठेवला. करून पाहिले तर यंत्राने क्षणात 'पाठवले' असा निरोप दाखवला. काही पुसले गेले नाही. साहेबांनी स्वतः येऊन तेवढी खात्री केली आणि पेपरवेट उचलला. निघताना टकटकरावांनी यंत्राला 'हेच सगळ्यांना कर' असे सांगून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टकटकराव सामान घेऊन दारात उभे होते. बायको त्यांच्याकडे पाहून चक्क हसली. गाडीत ती खिडकीजवळ बसली आणि सारा रस्ता बोलत राहिली. टकटकराव "हं, हं" म्हणत राहिले आणि त्यांची बोटे समोरच्या सीटच्या पाठीवर चालत राहिली.

डोंगरावर पोचले तेव्हा दातावर दात आपटत होते. खोलीत शिरताच बायकोने विचारले, "स्वेटर?"

"कुठला स्वेटर?" टकटकराव म्हणाले.

बॅगेवरचा हात तिने काढून घेतला आणि खिडकीबाहेर पाहत बसली. टकटकरावांनी खाटेवरची घोंगडी अंगावर ओढली. ते दोनदा शिंकले. तिने वळूनसुद्धा पाहिले नाही.

तेवढ्यात फोन वाजला. हिशेबनीस बाई होत्या.

"भाऊ, त्या निळ्या स्वेटरचं काय करायचं?"

टकटकराव दचकले. आपण स्वेटर विसरलो हे हिशेबनीस बाईंपर्यंत इतक्यात गेले कसे? "कोणता स्वेटर?" त्यांनी दबक्या आवाजात विचारले.

"तेच तर विचारतेय! सकाळपासून दारात ही रांग लागलीय. प्रत्येकाच्या एका हातात मिक्सर आणि दुसऱ्या हातात निळा स्वेटर. म्हणतात, तुमच्या ऑफिसातून तसं कळवलंय. स्वेटर नसेल तर तक्रार घेणार नाही म्हणे. एक आजोबा विचारत होते, स्वेटर मिक्सरबरोबर द्यायचा की मिक्सरला घालायचा?"

"मी असलं काही लिहिलेलं नाही!" टकटकराव म्हणाले, आणि आपल्या समजुतीप्रमाणे ते खरेच बोलत होते. "साहेब काय म्हणतात?"

"साहेब म्हणाले, मुख्य कचेरीचं परिपत्रक आलं असेल आणि आपल्यालाच मिळालं नसेल. पण ते मिळालं नाही असं दाखवू नका. त्यांनी स्वेटर घ्यायला वेगळी खिडकी उघडलीय."

"अहो, यंत्र बंद करा ना!"

"मी म्हटलं तसं. साहेब म्हणतात, मुख्य कचेरीची कार्यवाही थांबवायचा अधिकार आपल्याला नाही."

टकटकरावांनी फोन ठेवला तेव्हा त्या थंडीतही त्यांच्या कपाळाला घाम आला होता. बायको खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली, "ऑफिस का?"

"हं."

"जावं लागेल?"

"नाही, नाही. किरकोळ आहे."

पण किरकोळ गोष्टी अशा एका फोनवर भागत नाहीत. दुपारी पुन्हा बाईंचा फोन आला. एका गृहस्थाने हिरवा स्वेटर आणला होता आणि तो लांबून निळाच दिसतो असा त्याचा दावा होता. साहेबांनी सगळ्यांना खिडकीपासून लांब उभे करून पाहिले आणि 'निळसर चालेल' असा निकाल दिला. एका बाईंनी स्वेटर अंगावरून काढायला साफ नकार दिला. साहेबांनी 'सोबत आणला, पाहिला, परत नेला' असा शेरा मारून तोही प्रश्न सोडवला. त्यानंतरच्या फोनवर तर बाईंचा आवाज अगदीच खाली गेला होता. कारखान्यातल्या मेकॅनिकने एक खडखडणारा मिक्सर सहज स्वेटरमध्ये गुंडाळून चालवून पाहिला होता आणि त्याचा आवाज निम्म्यावर आला होता.

"आता साहेबांना नियमाचं कारणही सापडलंय," बाई म्हणाल्या. "ते म्हणतात, मुख्य कचेरी उगाच काही करत नाही. शेजारच्या दुकानातली निळी लोकर संपलीय, भाऊ. लोक भांडतायत. तुम्ही या बरं निघून."

टकटकरावांनी पुढे काही विचारायचे म्हणून तोंड उघडले, पण खोलीत एक वेगळाच आवाज आला. बॅगेची चेन ओढल्याचा.

बायको कपडे घड्या घालून बॅगेत ठेवत होती. रागाने आपटत नव्हती की काही नाही. नीट, एकावर एक.

"सकाळच्या गाडीनं जाऊ," ती म्हणाली.

"अगं, मी कुठे जायचं म्हणालो?"

"नाही म्हणालात. पण इथे तरी कुठे आहात? गाडीत मी एवढं बोलले. काय बोलले, सांगा बघू."

टकटकरावांनी आठवायचा प्रयत्न केला. बोटांना कदाचित आठवत असेल, पण त्यांना विचारायचे कसे?

"मला राग नाही आला," ती म्हणाली. "वाईट वाटलं. मी बोलते ते तुमच्यापर्यंत पोचतच नाही. मग मी डोंगरावर बोलले काय आणि घरी बोलले काय, सारखंच."

टकटकरावांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. एवढ्या तक्रारींना उत्तरे दिलेला माणूस, पण या एका तक्रारीला 'योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे' असे म्हणायची त्यांची छाती झाली नाही. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. पडद्यावर 'साहेब' अशी अक्षरे पाहून त्यांचा हात पुढे होईना. बायकोने तो उचलला आणि आवाज मोठा करून मध्ये खाटेवर ठेवला.

"हॅलो," ती म्हणाली.

"टकटकराव आहेत का?"

"इथेच आहेत. घोंगडी पांघरून बसलेत. काय काम आहे ते मला सांगा."

तिच्या आवाजात सकाळपासून साठलेले सगळे होते. पलीकडे साहेब खुर्चीत जरा सावरून बसल्याचे खुर्चीच्या करकरण्यावरून कळले.

"ते… निळ्या स्वेटरच्या नियमाबद्दल विचारायचं होतं."

"कसला नियम?"

"म्हणजे आम्ही पाळतोच आहोत!" साहेब घाईघाईने म्हणाले. "पण स्वेटर ठेवायला जागा उरली नाही. मजकूर वाचूनच दाखवतो. 'हे बघा, आता मला एकही कारण नकोय. इतकी वर्षं ऐकून घेतलं, आता बास. उद्या सकाळी सगळं सामान घेऊन दारात उभे राहा, मी काही पुन्हा पुन्हा सांगणार नाही. आणि निघताना तो निळा स्वेटर आठवणीनं घ्या. स्वेटर नसेल तर मग माझ्याकडे तक्रार घेऊन येऊ नका.' इतकं स्पष्ट परिपत्रक माझ्या नोकरीत मी पाहिलं नाही. लोक झटक्यात कामाला लागले."

टकटकरावांना मोठा ढीग आठवला, लहान ढीग आठवला, खांद्यावरचा फोन आठवला. त्यांनी घोंगडी हळूहळू नाकापर्यंत ओढून घेतली. बायको एकदा फोनकडे पाहत होती आणि एकदा त्यांच्या बोटांकडे. तिच्या ओठांचा एक कोपरा हलायला लागला.

"म्हणजे हे सगळ्या गिऱ्हाइकांना गेलं?" तिने विचारले.

"सगळ्यांना."

"आणि त्यांनी ऐकलं?"

"जवळजवळ सगळ्यांनी. कुणी एखादा विसरला असेल."

"एक विसरलाय, ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

साहेबांनी घसा खाकरला. "माफ करा, पण हा मजकूर वर कुणी तयार केला, काही कल्पना?"

"मी. शब्दन् शब्द माझा आहे."

फोनमध्ये खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. साहेब उभे राहिले असावेत. "असं, असं! आपण मुख्य कचेरीच्या! म्हणजे टकटकरावांची रजा हे नुसतं निमित्त! ते आपल्या हाताखाली तिकडे… बोलले नाहीत हो कधी!"

"ते बोलतच नाहीत. नुसतं 'हं' म्हणतात," ती म्हणाली. "आता ऐका. सगळ्यांचे स्वेटर धुऊन, घडी घालून परत करा. मिक्सर दुरुस्त करून द्या, नुसतं उत्तर पाठवू नका. ते यंत्र बंद करा. आणि यांना आठवडाभर तरी फोन करू नका."

"लेखी आदेश मिळेल का, मॅडम?"

"मी पुन्हा पुन्हा सांगणार नाही."

"हो मॅडम!" साहेब म्हणाले. परिपत्रकातले वाक्य त्यांनी बरोबर ओळखले होते.

फोन बंद झाला आणि ती मटकन खाली बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. टकटकरावांना हसावे की नाही ते कळेना, म्हणून ते शिंकले.

"अहो, सगळ्या जगानं ऐकलं माझं!" ती पदराने डोळे पुसत म्हणाली. "तेही तुमच्याच हातून. एक तुम्ही सोडून."

"चुकलं माझं," टकटकराव म्हणाले. "त्या सगळ्यांकडे स्वेटर आहे बघ, आणि मी इथे कुडकुडतोय."

तिने नीट लावलेली बॅग पुन्हा उपसली. अगदी तळाशी हात घालून एक निळी घडी बाहेर काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला.

"म्हणजे हा होता तुझ्याजवळ?"

"सांगितलं तुम्हाला होतं. भरोसा स्वतःवरच ठेवला होता."

"मग मला सकाळपासून गारठत का ठेवलंस?"

"तुम्हाला आठवेल म्हणून वाट बघत होते."

टकटकराव मुकाट्याने उठले आणि स्वेटर डोक्यातून घातला. खांदे बरोबर बसले, गळाही बसला. बाह्या मात्र नव्या नवरीच्या अंदाजाने विणलेल्या. त्या हाताच्या पंजावरून खाली उतरल्या आणि दहाच्या दहा बोटे आत गडप झाली. टकटकरावांनी ती हलवून पाहिली. नुसती लोकर हलली.

"जरा मोठ्या झाल्यात," ते म्हणाले. "दुमडतेस का?"

"राहू द्या तशाच," ती म्हणाली. मग तिने खुर्ची ओढून त्यांच्या समोर घेतली आणि गाडीत सांगितलेले सगळे पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.